मामाजींनी पास केलेली वेबसाइट

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट कोणाच्याच फोनवर उघडत नव्हती, म्हणून ती नव्यानं करायची ठरली. आणि ती नवी कशी असावी याबद्दल समाजाचं मत मागवणारा अर्ज मी त्याच वेबसाइटवर टाकला. टाकला आणि पंधरा दिवस वाट पाहिली. एकही उत्तर आलं नाही, तेव्हा मंडळाच्या बैठकीत सचिव या नात्यानं उभा राहिलो आणि 'समाजातील वाढते औदासीन्य' या विषयावर दहा मिनिटं बोललो. बोलून खाली बसतो तोच शेवटच्या रांगेतून माझे मामसासरे म्हणाले, "जावईबापू, बाहेरून कुलूप लावलं आणि आतल्या भिंतीवर पाटी लावली, 'कृपया आत यावे'. आता कोणी येऊन नाही राहिलं म्हणून समाजाले काहून बोलता?" बैठक हसली. मीही हसलो, सचिवानं अशा वेळी हसायचं असतं. दुसऱ्या दिवशी चूक सुधारायची म्हणून नव्या वेबसाइटचे तिन्ही नमुने मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि विचारलं, 'कोणता पसंत?' तासाभरात तीसेक जोडलेले हात आले. मी आनंदानं ते सगळे हात माझ्या लाडक्या नमुना क्रमांक दोनच्या नावावर लावले. संध्याकाळी बायकोनं फोन माझ्या नाकासमोर धरून दाखवलं, की माझ्या जरा आधी कोणीतरी 'शुभ सकाळ' घातली होती आणि हात तिला जोडलेले होते.

तेव्हा हे काम मामाजींकडे गेलं. तोफगोळ्यापासून टमाट्यापर्यंत काहीही, आणि कोणीही, ज्याच्या हातून तपासल्याशिवाय सुटलं नाही असा माणूस अख्ख्या जबलपुरात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इथल्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत ते तपासनीस होते; म्हणजे बाकीचे लोक माल बनवत आणि हे तो परत पाठवत. फॅक्टरीत भोक तपासायला एक दुतोंडी लोखंडी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. पहिल्याला 'गो' म्हणायचं, दुसऱ्याला 'नो-गो'. निवृत्त झाले तेव्हा मामाजींनी गेज फॅक्टरीत जमा केलं, पण स्वभाव जमा करायचा राहून गेला. भाजीबाजारात ते टमाटा कानाशी धरून ऐकत. काय ऐकत ते बुद्धालाच ठाऊक, पण भाजीवाला 'अंकल, ये बोलता नहीं है' असं म्हणाला, तर 'बोलता है बेटा, तुम सुनते नहीं' असं सांगून ते चार टमाटे बाजूला काढत, आणि घरी गेल्यावर ते चारच चांगले निघत. त्यांच्या खिशात एक लाल-निळी पेन्सिल असे, एका टोकाला लाल, दुसऱ्याला 'पास'ची निळी. लग्नपत्रिका आली की चुकीला लाल गोल करून ती ज्यानं दिली त्यालाच परत नेऊन देत आणि वर म्हणत, "पोराचं लग्न निळं होवो, पत्रिका लाल आहे." लोक चिडत नसत. समाजातली निम्मी घरं पत्रिका छापण्याआधीच त्यांच्याकडे पाठवू लागली होती.

मीही त्यांच्या तपासणीतून गेलेला माल आहे. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. प्यायला पाणी मागितलं. मी धावत गेलो, धावत आलो, पेला ठेवला आणि अर्धा त्यांच्या धोतरावर सांडला. घरी जाऊन त्यांनी निकाल दिला: "पोरगा वाईट नाही. घाईचा आहे. पास करा, पण शेरा मारून." तो शेरा माझी बायको आजही वर्षातून चार वेळा वाचून दाखवते.

तर असे मामाजी जबलपूर सोडून चालले होते. मामी गेल्यावर ते एकटेच राहत. पावसाळ्यात स्कूटरवर चक्कर येऊन पडले, आणि बंगळुरूच्या मुलानं निर्वाणीचं सांगितलं, की आता इकडेच या. घराचं ठरलं, दिवस ठरला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आणि तिथूनच पुढे बंगळुरूची गाडी धरायची. म्हणजे हातात दोन महिने. मी विचारलं, "मामाजी, सामानाची बांधाबांध करायची सोडून हे वेबसाइटचं कुठं डोक्यावर घेता?" ते म्हणाले, "सामान काय, पोरगा म्हणते तिथं सगळं मिळते. तिथं अकराव्या मजल्यावरून मला काय दिसणार सांगा? दुसरा अकरावा मजला. आपली माणसं दिसायची तर आता याच्यातूनच दिसतीन. मग हे पास झाल्याबिगर मी जाऊ कसा?" त्यांनी हे टमाट्याबद्दल बोलावं इतक्या साधेपणानं सांगितलं. मी मात्र पुढचे दोन महिने त्यांच्या स्कूटरची किल्ली स्वतःकडे ठेवली आणि त्यांना मागे बसवून जबलपूर हिंडलो.

आमचा समाज म्हणजे काय, तर राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि नोकऱ्या इकडे होत्या म्हणून आमचे बापजादे इकडेच राहिले. तेव्हापासून आम्ही घरात मराठी बोलतो, दारात हिंदी बोलतो आणि भांडताना दोन्ही. कोणी फॅक्टरीत, कोणी रेल्वेत, कोणी माझ्यासारखा सिविल लाइंसच्या कचेरीत फायलींवर. घरं शहरभर विखुरलेली. मी सुचवलं, की दहा-बारा घरं नमुन्यादाखल घेऊ. मामाजींनी स्कूटरच्या मागच्या सीटवरून माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. "नमुना गोळ्यांचा घेतात. सारखे असतात ते. माणसं सारखी असतात काय? एकूणएक घर."

त्यांची रीत अशी होती. नेपियर टाउनमधल्या ज्या बाईंनी नमुने तयार केले होते त्यांच्याकडून प्रत्येक पानाचे मोठे कागद छापून आणले, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि फॅक्टरीच्या जुन्या कॅनव्हासच्या पिशवीत भरले. घरात गेल्यावर आधी अर्धा तास वेबसाइटचं नावच नाही. गुडघे कसे आहेत, पोराची बदली झाली काय, लोणच्यात मोहरी जास्त पडली काय. मी चुळबुळ करी. मग चहाचा कप खाली ठेवला, की एक पुठ्ठा मांडीवर घेत आणि कामाला लागत. 'आवडलं काय' असं ते कधीच विचारत नसत. मी पहिल्या घरी विचारलं, तर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पाहुणा जेवायले बसला आणि तुम्ही विचारलं, भाजी आवडली काय? तो काय म्हणन? मत नका मागू, काम सांगा." आणि ते काम सांगत. "समजा, मी मेलो. ही बातमी तुमच्या पोरीले इथं पाह्यची आहे. बोट ठेवा, कुठं दाबन?" समोरच्यानं बोट ठेवलं, की मामाजी स्वतः कॉम्प्युटर होत. 'थांबा हं, उघडून राहिलं' असं म्हणून पिशवीतून पुढचं पान काढत आणि वर ठेवत. पान सापडायला वेळ लागला तर गंभीरपणे सांगत, "नेट स्लो आहे." आणि जिथं बोट पडलं तिथं पेन्सिलीनं गोल: बरोबर जागी पडलं तर निळा, चुकलं तर लाल. मला वाटायचं, लाल गोल त्या माणसाला. खूप उशिरा कळलं, की लाल गोल पानाला असायचा.

या 'समजा मी मेलो'नं अनर्थही झाले. रेल्वेत गार्ड असलेल्या एकांच्या बायकोनं हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून मामाजींना झापलं: "थू! आपल्या तोंडानं असं बोलतात काय जी? आधी गूळ खा!" त्यांनी गूळ खाल्ला आणि तोंड गोड असतानाच म्हणाले, "चलो, मी नाही, जावईबापू मेले समजा. आता दाबा." बाईंनी ताबडतोब दाबलं. एका घरच्या कॉलेजातल्या मुलीला मराठी समजत होतं पण बोलताना तिची जीभ हिंदीकडे वळे. ती म्हणाली, "नानाजी, ये बटन दिख ही नहीं रहा।" मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जणू तिनं पोस्टग्रॅज्युएट पदवी मिळवली होती. "आठ घरं झाली. सगळे म्हणत होते, आम्हालाच समजत नाही. ही पहिली, जी म्हणाली, दिसत नाही. चूक कोणाची ते हिला कळते."

सगळ्यात लांबचं घर बरगी धरणाकडच्या एका काकूंचं. धरणावर नोकरी करून नवरा तिथंच वारला आणि काकू मग तिथंच राहिल्या. चार कोंबड्या, थोडी वांगी, शेजारी मासे धरणारी माणसं. मी म्हटलं, "मामाजी, तिथं फोनला रेंज नाही, काकूंकडे साधा फोन आहे, त्या वेबसाइट कुठून पाहणार? एक घर सुटलं तर काय होते?" ते म्हणाले, "एक गोळा नो-गो निघाला तर काय होते, ते तोफेमागे उभ्या असणाऱ्याले विचारा." गेलो. उन्हानं डोकं तापलं, स्कूटर दोनदा बंद पडली. काकू अंगणात हळद कुटत होत्या. मामाजींनी वांग्यांची चौकशी केली, कोंबड्यांची केली आणि मग पुठ्ठा पुढे केला. काकूंनी ओढणीसारखा पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "मी कुठं पाह्यते जी. माझी पोरगी पाह्यते, वर्ध्याहून, कॉम्प्युटरवर. मग मला फोन करते, 'आई, तुमच्या जबलपूरचे अमके काका गेले, तमकीले पोरगी झाली.' जबलपूर इथून तासभर, पण बातमी मला वर्ध्याहून येते." मी हसलो. मामाजी हसले नाहीत. काकूंनी हळदीचं बोट पानावर फिरवत विचारलं, "मी आजारी पडली तर हे माझ्या पोरीले सांगन काय?"

मामाजी म्हणाले, "सांगन. आणि मलाही सांगन. मीही आता तुमच्या पोरीसारखाच लांब चाललो." मग पुठ्ठा खाली ठेवला. एक कोंबडी नमुना क्रमांक दोनवरून चालत गेली. तिलाही, खरं सांगतो, मामाजींनी पाहिलं की ती कुठं टोचते.

दीड महिन्यात सगळी घरं झाली. शेवटच्या रविवारी वाचनालयात आम्ही सगळे पुठ्ठे भिंतीला ओळीनं उभे केले. नेपियर टाउनच्या बाई मुद्दाम आल्या होत्या. निळे गोल इकडे-तिकडे, लाल गोल ढीगभर. पण सगळ्यांत ठळक दिसत होते ते ठसे. बायकांनी स्वयंपाक करता करता बोटं ठेवली होती, त्यामुळे हळदीचे, तेलाचे, कणकेचे, एका ठिकाणी चक्क ठेच्याचे. आणि प्रत्येक घरात ते एकाच जागी पडले होते, पहिल्या पानावर उजवीकडे खाली. जुन्या वेबसाइटवर, ती जेव्हा उघडायची तेव्हा, त्या जागी 'सुख-दुःख' असायचं: कोण गेलं, कोणाला मूल झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोण दवाखान्यात आहे. लोकांची बोटं सवयीनं तिथंच जात होती. नव्या तिन्ही नमुन्यांमधून ते मीच काढून टाकलं होतं. पहिल्याच पानावर मरणाची बातमी बरी दिसत नाही, तरुण पिढी बिचकते, असं माझं धोरण होतं. त्या जागी मी 'सचिवांचे मनोगत' घातलं होतं, फोटोसकट. तेव्हा अख्ख्या समाजाची हळद, तेल आणि ठेचा माझ्या तोंडावर होता. डाव्या डोळ्यात तर भोक पडलं होतं.

अध्यक्षांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. नेपियर टाउनच्या बाई पुठ्ठ्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत राहिल्या आणि मग मामाजींकडे वळल्या. "अंकल, लोग बड़ी-बड़ी कंपनियों में ये काम सीखने में सालों लगाते हैं। आपने कहाँ सीखा?" मामाजी जरा लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बेटा, फैक्टरी में एक ही बात सिखाते थे। माल खराब निकले तो सिपाही को मत डाँटो।"

पंधरा दिवसांनी नवी वेबसाइट तयार झाली. 'सुख-दुःख' सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत. मामाजींनी ती आधी चष्म्यानं पाहिली, मग चष्म्याशिवाय, मग गच्चीवर भर उन्हात, मग फोन हातभर लांब धरून, मग ओल्या बोटानं. माझा फोन त्यांनी एका कानाशी धरला. मी घाबरून विचारलं, "काय ऐकता?" ते म्हणाले, "सवय." मग खिशातून पेन्सिल काढली. पडद्यावर खूण करता येईना, तेव्हा माझ्या हाताचा पंजा उलटा करून त्यावर निळी खूण केली आणि म्हणाले, "गो."

नागपूरच्या गाडीला सोडायला निम्मं मंडळ आलं होतं. मामाजींनी डब्यात चढून आधी खिडकीची खिटी तपासली, मग आम्हाला हात केला. गाडी सुटताना मला एवढंच म्हणाले, "दर रविवारी घरोघर जा. फोनवर नका विचारू."

मी फोनवर विचारलं. माणूस घाईचा असतो. पहिल्या रविवारी बारा घरांना फोन केले आणि 'सुख-दुःख' भरलं. मंगळवारी बंगळुरूहून आवाज आला. "जावईबापू, हे काय लिहिलं? 'श्री. अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' माणूस गेला की टेंडर निघालं? कशानं गेला? पोरगी पोचली काय? त्याचा तो काळा कुत्रा कोणी ठेवला? मी इथं बाल्कनीत बसून तीनदा वाचलं, मला तो माणूस काही दिसला नाही." आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मागे कुठल्याशा लिफ्टची घंटी वाजली आणि ते म्हणाले, "चलो, ठेवतो."

तेव्हापासून मी जातो. स्कूटर त्यांचीच आहे; मागची सीट रिकामी असली की ती वळणावर जरा हलकी पळते, त्याची मला अजून सवय नाही. घरोघर चहा घेतो, वही काढतो. लोक मला सांगतात, पण मामाजींना सांगत तसं नाही. माझ्यापाशी आल्यावर सगळ्यांचीच बातमी अर्जासारखी छोटी होते. मागच्या रविवारी बरगीला गेलो. काकू ओट्यावर वांगी चिरत होत्या. मी उभ्या-उभ्याच विचारलं, "काकू, काही सुख-दुःख?"

काकूंनी विळीवरून मान वर केली. "सुख-दुःख असं दारात उभं राहून विचारतात काय जी? बसा. आधी वांग्याचं विचारा."

मी बसलो आणि वांग्याचं विचारलं. वांग्याला कीड लागली होती. लाल कोंबडीनं अंडी देणं सोडलं होतं. शेजारच्या मासेवाल्याचा मुलगा दहावी पास झाला. वर्ध्याची पोरगी दिवाळीत येणार होती, पण जावयाची रजा अडली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी काकू सांगत होत्या आणि माझी वही पहिल्यांदाच भरत होती. मी निघालो तेव्हा त्यांनी हात पदराला पुसले.

"सगळं लिहिलं काय?"

"लिहिलं, काकू."

"मग खाली अजून एक ओळ लिहा. 'जावई बारा वेळा घड्याळ पाहून राहिला होता.' लिहा, लिहा. मामाजींले तिकडे घरच्यासारखं वाटन."